फलटणहून, प्रिंटवाल्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे. तालुक्याच्या गावात स्टुडिओ चालवणाऱ्यांना मोठा फोटो प्रिंटर घेताना सल्ला मिळतो तो विकणाऱ्याकडूनच. मला तुम्ही भेटलात.

पुण्यात तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या पिशवीत 44 इंच रुंद छापणाऱ्या इको-सॉल्व्हंट (बॅनरसाठीची द्रावक शाई वापरणाऱ्या) यंत्राचं कोटेशन होतं. विकणारा म्हणाला होता, "ताई, फ्लेक्सही निघेल, फोटोही निघेल, एका यंत्रात दोन धंदे." आमच्याकडे मोठी छपाई म्हणजे फ्लेक्स, त्यामुळे मला ते पटलंही होतं. तुम्ही कागद वाचलात, घडी घातलीत आणि विचारलंत, "फोटो कसले काढतेस?"

वारीचे, मी म्हणाले. लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब लागतो, तिथं माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. तिथले, आणि पुढं फलटणच्या मुक्कामातले. कृष्णधवल.

"मग हे यंत्र तुझं नाही," तुम्ही म्हणालात आणि भिंग काढून माझ्या हातात दिलंत. फ्लेक्सच्या तुकड्यावरचा राखाडी रंग निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांनी बनलेला होता. रस्त्यापलीकडून तो राखाडी दिसतो. हातभर अंतरावरून वारकऱ्याचं धोतर कधी हिरवट, कधी जांभळट दिसायला लागतं. मग तुमच्या यंत्रावरचा प्रिंट दाखवलात. त्यात काळ्याच्या जोडीला राखाडी शायाच वेगळ्या होत्या, म्हणून राखाडी हा राखाडीच राहिला होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, वर आषाढातलं ढगाळ आभाळ. माझ्या फोटोंचा सगळा जीव या तीन पांढऱ्यांमधल्या फरकात आहे, हे मला त्या भिंगातून पाहिल्यावर कळलं.

त्याआधीची एक गोष्ट तुम्हाला सांगताना मला रडू आलं होतं. माझ्या जुन्या ए3 प्लस (13 बाय 19 इंच कागदाच्या) प्रिंटरमध्ये मी बाटलीतली स्वस्त डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, भरत असे. एका घरी त्यांच्या वारलेल्या आजोबांचा फोटो दिला होता. खिडकीसमोरच्या भिंतीवर दीड वर्षात त्यांचा चेहरा लालसर पडला. पैसे परत केले, पण त्या आजींची नजर डोळ्यांसमोरून जात नव्हती. तुम्ही मला दोष दिला नाहीत. उलट नॅश एडिशन्सची हकिगत सांगितलीत. 1991 मध्ये कॅलिफोर्नियात ग्रॅहम नॅश या गायकानं मॅक होल्बर्टला सोबत घेऊन आयरिस प्रिंटरवर कलाप्रिंट काढायला सुरुवात केली. ते यंत्र मुळात छापखान्याची प्रूफं काढायला बनवलेलं, त्यामुळे त्याची शाई उजेडात टिकत नसे. जगातल्या नावाजलेल्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता आणि पुढं पिगमेंट शायांनी, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शायांनी, तो बराचसा सोडवला, हे ऐकून मला केवढा धीर आला! तुम्ही दिलेली पिगमेंटची पट्टी, अर्धी पुठ्ठ्यानं झाकून, मी दक्षिणेच्या खिडकीला चिकटवली. शेजारी माझी जुनी डाय पट्टी. एका उन्हाळ्यात जुन्या पट्टीचे दोन अर्धे वेगळे दिसू लागले. तुमच्या पट्टीत फरक शोधून सापडला नाही.

पण तुम्ही मला लगेच यंत्र घेऊ दिलं नाहीत, हे तुमचे सगळ्यात मोठे उपकार. "वर्षभर वहीत लिही, किती प्रिंट गेले, किती मोठे. तोवर माझ्याकडून काढून ने." पहिल्या वर्षाखेरी आकडा निघाला 31. तुम्ही मान हलवलीत. ज्या आठवड्यात एकही प्रिंट निघत नाही, त्या आठवड्यातही यंत्र हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, साफ करायला शाई पितं आणि ती शाई मेंटेनन्स टाकीत जाते, तिचाही खर्च वेगळा. 31 प्रिंटसाठी मी शाई नाल्यात ओतली असती. दुसऱ्या वर्षी 140 झाले, तेव्हा तुम्हीच फोन केलात, "आता बघू या."

आणि मग तुम्ही यंत्राआधी माझं घर बघायला फलटणला आलात. टेप काढून जिना मोजलात. 44 इंची यंत्र आमच्या वाड्याच्या वळणावर अडकलंच असतं. 24 इंची यंत्रही बाहेरून साडेतीन फुटांहून रुंद, पण ते चढलं. शिवाय रोल 24 इंच रुंद असला तरी लांबी आपल्या हातात असते, हे तुम्ही दाखवलंत. सात फोटो जोडून केलेलं माझं रिंगणाचं चित्र 24 बाय 72 इंच निघतं. एकेका फोटोची मला काळजी होती. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, 6000 बाय 4000. 24 बाय 36 इंचांवर इंचाला जेमतेम 167 पिक्सेल येतात, आणि मी सगळीकडे 300 हवेत असं वाचलेलं. तुम्ही तसा एक प्रिंट भिंतीला लावून मला सहा फुटांवर उभं केलंत. मला काही कमी दिसलं नाही. त्या दिवसापासून नवा कॅमेरा घ्यायचा विचार मी सोडून दिला.

एप्सन की कॅनन, यावर माझे कितीतरी रविवार गेले होते. तुम्ही माझीच फाइल दोन्हींवर, एकाच कागदावर, आपापल्या प्रोफाइलनं (त्या यंत्र-कागदासाठीच्या रंगांच्या फाइलनं) काढून दिलीत आणि मागे काही लिहिलं नाहीत. आठ दिवस भिंतीवर ठेवून मला त्यातला एक निवडता आला नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "प्रिंट सारखेच आहेत, आता गाव बघ." एप्सनचं पिझो हेड (विजेनं हलणाऱ्या स्फटिकानं शाई ढकलणारं) दीर्घकाळ चालावं म्हणून बनवलेलं, पण बदलायची वेळ आली तर तंत्रज्ञ हवा. कॅननचं हेड उष्णतेवर चालतं, ते झिजतं, पण आपलं आपल्याला बदलता येतं, आणि एखादं नॉझल, म्हणजे शाईचं बारीक छिद्र, बंद पडलं तर दुसरी नॉझल्स त्याचं काम उचलतात. पुण्यात बसून मीही कदाचित एप्सन घेतलं असतं. फलटणला इंजिनिअर यायची वाट बघत आषाढीच्या तोंडावर यंत्र बंद ठेवणं मला परवडणार नव्हतं. म्हणून कॅननच्या इमेजप्रोग्राफ मालिकेतलं 12 टाक्यांचं 24 इंची यंत्र आलं. अकरा शाया आणि बारावं पारदर्शक द्रव. ते द्रव ग्लॉसी कागदावर शाई न पडलेल्या पांढऱ्या भागाची चकाकी बाकीच्या भागाशी जुळवून घेतं. माझ्या टोप्या-सदऱ्यांना तेच हवं होतं.

आमचा भाग पर्जन्यछायेचा. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की हेडवरची शाई सुकायची भीती. तुम्ही सांगितलेलं हवेतली आर्द्रता दाखवणारं घड्याळ यंत्राशेजारी टांगलं आहे. काटा 40 टक्क्यांच्या खाली गेला की खोलीत ओली चादर वाळत घालते. यूपीएसही तुमच्या सांगण्यावरूनच. छपाईच्या मधेच वीज गेली की हेड आपल्या झाकणावर न जाता उघडंच राहतं, हे मला कोण सांगणार होतं?

कागदाचा धडा मी आता दुसऱ्यांना शिकवते. तुम्ही नोटा तपासायची जांभळी टॉर्च काढलीत आणि अंधारात एकेक नमुना दाखवलात. काही कागद निळे चमकले. त्यांच्यात पांढरेपणासाठी ब्राइटनर घातलेले असतात, ते वर्षांनी विरतात आणि कागद पिवळट दिसू लागतो. हानेम्यूले या जर्मन कंपनीचा 308 जीएसएमचा (चौरस मीटरला 308 ग्रॅमचा) फोटो रॅग हा सुती कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. महाग आहे, म्हणून भिंतीवर कायम राहायच्या चित्रालाच वापरते. मॅट कागदावर काळा तेवढा गडद येत नाही, हेही तुम्ही आधी सांगून ठेवलंत, नाहीतर मी यंत्रालाच दोष दिला असता.

पहिले चार प्रिंट अंधारे आले तेव्हा मी रात्री दहाला फोन केला. तुम्ही एवढंच विचारलंत, "स्क्रीनचा उजेड किती आहे?" तो फार होता, म्हणून स्क्रीनवर फोटो उजळ दिसायचे. तो कमी करून चौरस मीटरला 100 कँडेलाच्या (उजेडाचं माप) आसपास आणला आणि पाचवा प्रिंट बरोबर आला.

काका, मी दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे काढले तसे 140 प्रिंट आता तुमच्याकडे येत नाहीत. ते जाणार हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी तुम्ही जिना मोजायला आलात. फी विचारली तर "रिंगण दाखव" म्हणालात.

ते आज कुरिअरनं पाठवते आहे, 24 बाय 72, फोटो रॅगवर. नळीतून काढलं की एक दिवस सपाट पसरून ठेवा, लगेच उलटं गुंडाळू नका. डाव्या टोकाला विणेकरी आहेत. त्यांच्या धोतराच्या निऱ्यांमध्ये, सावलीकडच्या बाजूला, अजून एक छटा उघडायला हवी होती असं मला वाटतं. भिंग लावून बघा आणि खरं काय ते सांगा. सुधारून पुन्हा काढेन.

तुमची,
फलटणची पुतणी