काका, डॉजचे काटे आता खरं बोलतात

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

मुंबईला सुखरूप पोचलात, हे ताईकडून कळलं. माझ्या जुन्या डॉजच्या डॅशबोर्डचं वायरिंग तुम्ही नीट करून दिलंत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच पाठवतोय. उघडं पत्र अशासाठी, की इथे न्यू जर्सीत आणि इतरत्रही जुनी गाडी दारात घेऊन बसलेले आपले बरेच लोक आहेत. तुमच्या हातची विद्या त्यांच्याही कामी यावी.

माझा 1974 चा डॉज डी-100 पिकअप ट्रक पाहून तुमचं पहिलं वाक्य होतं, "अरे, ही तर आपल्या फार्गोची धाकटी बहीण!" वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज आणि फार्गोचे ट्रक बनवले, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण त्या ट्रकांच्या वायरिंगमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला वायरमन आमच्याच गल्लीत मुलीकडे राहायला येईल, हे कोणाच्या ध्यानीमनी?

जुन्या मीटरची काच तडकलेली, मागच्या छापील सर्किटची तांब्याची पट्टी सुटून वर आलेली. म्हणून नवं क्लस्टर, म्हणजे डॅशवरच्या काट्यांचा अख्खा संच, मागवलं. इथल्या एका मेकॅनिकचा सल्ला होता, वायरींच्या रंगाला रंग जोडत जा. तुम्ही आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावलीत आणि मग विचारलंत, "ॲमीटरचं काय करणार आहेस?"

खरी मेख तिथेच होती. या डॉजमध्ये अल्टरनेटर आणि बॅटरीमधला करंट डॅशबोर्डमधल्या ॲमीटरमधून, म्हणजे करंट मोजणाऱ्या काट्यातून, फिरून जातो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कनेक्टरमधून अल्टरनेटरची जाड काळी वायर आत येते, बॅटरीची जाड लाल वायर येते, आणि दोघी ॲमीटरच्या दोन बोल्टांवर भेटतात. नव्या क्लस्टरमध्ये ॲमीटर नाहीच, व्होल्टमीटर आहे, आणि त्यातून करंट जवळपास जातच नाही. त्याच दोन वायरी त्याच्या दोन टोकांना लावल्या असत्या, तर मधला रस्ताच बंद झाला असता. गाडी सुरू होणं दूरच. आणि नुसत्या टेप गुंडाळून मोकळ्या सोडल्या असत्या, तरी तेच. तुम्ही लाल वायरचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) माझ्या तळहातावर ठेवलंत: बुडाशी प्लास्टिक करपून तपकिरी, बोटानं चोळलं तर काजळी. कनेक्टरमधली पिनही तशीच निघाली. "पन्नास वर्षं सगळा भार हिच्यावरून गेलाय," म्हणालात. मग दोन्ही वायरींची टोकं नवी कापून, एकत्र दाबून (क्रिम्प) करून, वर सोल्डर, वर स्लीव्ह. पिनाही नव्या. व्होल्टमीटरला किल्ली फिरवल्यावरच वीज येणारी एक बारीक वायर, फ्यूजमधून. माझ्या मते त्या दिवशी तुम्ही मीटर बसवलं नाहीत, एक आग टाळलीत.

लिमिटरचं प्रकरण त्या मानानं सोपं होतं. जुने काटे सरळ बारा व्होल्टवर चालत नाहीत. आधी लिमिटर असतो. त्यातली बायमेटलची पट्टी तापली की संपर्क तोडते, गार झाली की जोडते, आणि सरासरी पाचेक व्होल्ट पुढे सोडते. नव्या क्लस्टरला सरळ बारा हवे होते, त्यामुळे लिमिटर जुन्या मीटरसोबतच गेला. टेंपरेचरचा सेंडर (इंजिनावरून काट्याला माप कळवणारा भाग) क्लस्टरबरोबर आलेलाच लावला.

पेट्रोलच्या काट्यानं मात्र दमवलं. टाकी जवळपास रिकामी, आणि काटा अर्ध्याच्या बराच पुढे! मी नवा फ्लोट (टाकीतला पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता सेंडर) मागवायच्या तयारीत होतो. तुम्ही गुडघे दुखत असताना गाडीखाली शिरलात, टाकीवरची वायर सोडवलीत आणि मल्टिमीटर लावलात: सत्तरच्या आसपास ओम. "फ्लोट ठणठणीत आहे. डॉजचा फ्लोट रिकाम्या टाकीला 73 च्या आसपास देतो, भरल्यावर 10. गेज कितीचं आहे ते बघ." गेजच्या पाठीवर बारीक अक्षरात होतं 240 ते 33, म्हणजे आपले सत्तर ओम त्याला अर्ध्याहून जास्त भरलेली टाकी वाटत होते. विकणाऱ्यानं सरसकट चालणारा माल पाठवला होता. तो परत केला, 73 ते 10 चं गेज आलं, आणि काटा खाली उतरला.

उरलं अर्थिंग. हेडलाइट लावले की सगळे काटे एकदम हलायचे. "एक काटा चुकला तर त्याचा सेंडर बघ, सगळे मिळून हलले तर अर्थ बघ," हे तुमचं वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर मार्करनं लिहून ठेवलंय. बायको हसते, हसू दे. जुनं मीटर पत्र्याचं, त्याला स्क्रूमधूनच अर्थ मिळायचा. नव्याचं खोकं प्लास्टिकचं. डॅशच्या पत्र्यावरचा रंग खरवडून वेगळी काळी वायर दिलीत आणि काटे जागेवर बसले.

आता इंजिन बंद असताना व्होल्टमीटर साडेबाराच्या किंचित वर, चालू असताना चौदाच्या आसपास. किराण्याच्या कागदी पिशवीवर तुम्ही काढलेला नकाशा मी लॅमिनेट करून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलाय. या गाडीला पुढे जो कोणी हात लावेल, त्याला तो आधी दाखवणार.

पैसे घेतले नाहीत, निदान एवढं ऐका: पुढच्या खेपेला गुडघ्यांसाठी गादी मी तयार ठेवतो, गाडीखाली मी शिरतो, तुम्ही खुर्चीत बसून ओरडा. हीटरच्या ब्लोअरचं वायरिंग अजून बाकी आहे. काकूंना नमस्कार सांगा, पण ब्लोअरचं त्यांना एवढ्यात सांगू नका.

आपला,
गल्लीतला डॉजवाला