मावशी, ती पाच रुपयांची प्रिंट अजून माझ्याकडे आहे

जय ख्रिस्त मावशी,

तुम्ही मोबाईलवर एवढं मोठं वाचणार नाही माहितीये, तुमच्या सूनबाईंना सांगितलंय वाचून दाखवायला. आभार मानायला उशीर झाला, पण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून साक्ष द्यायची म्हटलं की माझे पाय लटपटतात, म्हणून इथेच लिहितो, सगळ्यांसमोर.

त्या दिवशी मी नगरला तुमच्याकडे आलो होतो ते फक्त डबा परत द्यायला, पप्पांच्या स्मरण प्रार्थनेला पाठवलेला. आदल्या रात्री दादाने फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं की पप्पा अंथरुणावर होते तेव्हा हा पुण्यात एसीत बसला आणि आता घराच्या वाट्याला बरोबर हजर. आत्या, काका, चुलत भावंडं, सगळे त्या ग्रुपवर, सगळ्यांच्या ब्लू टिक आल्या आणि एकानेही तोंड उघडलं नाही. मी रात्रभर उत्तर लिहीत होतो, हॉस्पिटलच्या बिलांचे फोटो, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, तारखेसकट, फक्त सेंड दाबायचं बाकी होतं. तुम्हाला वाचून दाखवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "तुझं राहू दे, त्याने काय लिहिलंय त्याची प्रिंट काढून आण."

खरं सांगू, डोकंच फिरलं माझं. पण तुम्हाला नाही कोण म्हणणार. झेरॉक्सवाल्याने पाच रुपये घेतले आणि त्यानेही वाचलं असणार, गालात हसत होता. तुम्ही तो कागद टेबलावर पसरलात, पंख्याने उडू नये म्हणून वर चष्म्याची डबी ठेवलीत आणि बायबलमधलं दुसरे राजे हे पुस्तक उघडलंत, अठरावा आणि एकोणिसावा अध्याय.

यहूदाच्या हिज्कीया राजाची गोष्ट मी संडे स्कूलमध्ये ऐकली होती, पण मला फक्त शेवटचा देवदूत आठवत होता. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची शहरं घेत हिज्कीयाच्या राजधानीपर्यंत, यरुशलेमेपर्यंत येतो, इ.स.पूर्व ७०१ ची गोष्ट. त्याचा माणूस रब्शाके तटासमोर उभा राहून ओरडतो. हिज्कीयाचे अधिकारी म्हणतात बाबा अरामी भाषेत बोल, आम्हाला कळते, तर हा मुद्दाम लोकांच्या भाषेत बोलतो, तटावरच्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. इथे तुम्ही थांबून माझ्याकडे बघितलंत, आणि मला कळलं की फॅमिली ग्रुप म्हणजे काय. आणि लोक गप्प राहिले, कारण राजाने सांगितलं होतं त्याला उत्तर देऊ नका. मला रात्रभर राग होता की माझे लोक गप्प का, आणि इथे तर गप्प राहणं हीच आज्ञा.

मग सन्हेरीबचं पत्र येतं आणि हिज्कीया ते घेऊन मंदिरात जातो आणि परमेश्वरासमोर पसरतो. उत्तर लिहीत नाही. मी म्हणालो मावशी तो राजा होता, त्याला विश्वास ठेवायला काय जातंय. तेव्हा तुम्ही मागचं पान दाखवलंत, की आधी हाच माणूस घाबरून ३०० किक्कार (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं सन्हेरीबला देऊन बसला होता, मंदिराच्या दारांवरचं सोनं सुद्धा खरवडून. म्हणजे घाईत करायचं ते त्याने करून बघितलं होतं, सन्हेरीब तरी आलाच. आणि तो नुसता हातावर हात ठेवूनही बसला नव्हता, पाणी शहरात आणायला खडकातून बोगदा खोदला होता, पाचशे मीटरच्या वर, आजही लोक त्यातून चालत जातात.

पुढे एका रात्रीत देवदूताच्या हातून अश्शूरच्या छावणीतले १,८५,००० मेले हे ऐकून मला बरं वाटलं आणि ते माझ्या तोंडावर दिसलं बहुतेक, कारण तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "दादा अश्शूरचा नाहीये तुझा." नंतर मी गूगलवर शोधलं, सन्हेरीबचा स्वतःचा मातीचा शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात तो फुशारकी मारतो की हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं, पण यरुशलेम घेतलं असं कुठेच म्हणत नाही.

पण मला हलवलं ते वेगळंच. हिज्कीयाच्या प्रार्थनेत एक ओळ आहे, की हे परमेश्वरा, अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उद्ध्वस्त केली हे खरंच आहे. म्हणजे शत्रूच्या पत्रात जे खरं होतं ते त्याने देवासमोर मान्य केलं. तुम्ही सांगितलं होतं तसं तीन दिवस ती प्रिंट समोर ठेवून प्रार्थना करत होतो, पहिले दोन दिवस प्रार्थना कसली, वकिली चालली होती माझी. तिसऱ्या दिवशी त्या ओळीपाशी अडकलो. पैसे मी पाठवले, एकूण एक. पण शेवटचे तीन महिने मी आलो नव्हतो. डायपर दादाने बदलले. तुम्हाला हे माहीत होतं ना मावशी? तरी बोलला नाहीत.

ते उत्तर मी डिलीट केलं आणि दादाला फोन केला, ग्रुपवर नाही. तो आधी चांगला दहा मिनिटं शिव्या देत होता. घराचं अजून काही ठरलेलं नाही, ग्रुपवरही तो सॉरी म्हणाला नाही, पण परवा त्याने विचारलं की पप्पांचं भजनांचं पुस्तक तुला हवंय का.

नाताळला येतोय. तुमचा डबा त्या गडबडीत परत माझ्याच गाडीत राहिला, यावेळी नक्की आणतो.

तुमचा,
डबा विसरणारा