नाताळच्या कथांतले मूल आणि पश्चात्तापाचा हिशेब

महोदय,

नाताळच्या निमित्ताने लिहिल्या जाणाऱ्या ख्रिस्ती प्रेरणादायी कथांचा साचा आता इतका ठरून गेला आहे की, पहिल्या दोन पानांत आजारी किंवा पोरके मूल आणि देवाधर्माला विटलेला तुसडा प्रौढ भेटला, की पुढचे वाचायची फारशी गरज उरत नाही. मूल प्रार्थना करते, प्रौढाला रडू कोसळते आणि मध्यरात्रीच्या घंटा वाजेपर्यंत त्याची आयुष्यभराची पापे धुऊन निघतात. या कथा भाबड्या असतात, अशी टीका नेहमीच होते. माझी तक्रार अशी की, ज्या श्रद्धेचा त्या आधार घेतात तिच्याशीच त्या पुरत्या प्रामाणिक राहत नाहीत.

बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण, या शिष्यांच्या प्रश्नावर येशू एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे करतो आणि त्याच्यासारखे नम्र व्हायला सांगतो. तिथे विषय मानपानाचा आहे, आणि ते मूल एक शब्दही बोलत नाही. या कथांतली मुले मात्र धर्मोपदेशकांनाही मागे टाकतील इतकी बोलतात.

उद्धाराचेही तेच. लूककृत शुभवर्तमानातला जकातदार जक्कय नुसता गहिवरत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे तो कबूल करतो. येशूच्या दृष्टान्तातल्या, वाट्याची संपत्ती उडवून परतलेल्या उधळ्या पुत्राला बापाने हिशेब न विचारताच जवळ घेतले, असे कोणी म्हणेल. पण तो पुत्रही मोलकरी म्हणून राहण्याची तयारी करूनच घराकडे निघाला होता. चार्ल्स डिकन्सने 19 डिसेंबर 1843 रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या लघुकादंबरीत हे अचूक हेरले होते. त्यातला अपंग मुलगा टिम कंजूष, तुसड्या स्क्रूजला उपदेश करायला जात नाही. चर्चमधल्या लोकांनी आपल्याला पाहिले असेल तर बरे, म्हणजे लंगड्यांना चालवणाऱ्या येशूची त्यांना नाताळच्या दिवशी आठवण होईल, एवढेच तो वाटेत वडिलांना म्हणतो. आणि स्क्रूज बदलला, हे दुसऱ्या दिवशी कचेरीत कळते, कारण तो आपल्या कारकुनाचा, म्हणजे टिमच्या वडिलांचा, पगार वाढवतो.

तेव्हा लेखकांना विनंती एवढीच, की वर्षानुवर्षे परागंदा राहून नाताळच्या रात्री दारात उभ्या ठाकलेल्या बापाला मुलाने मिठी मारण्याआधी त्याच्या बायकोलाही दोन प्रश्न विचारू द्यावेत. आणि प्रार्थना करूनही आजार बरा न झालेल्या मुलाचा विश्वास कशावर टिकतो, हे एखाद्या तरी कथेत लिहून पाहावे.

आपला,
एक वाचक