मनूच्या दुहेरीबद्दल

कोपनहेगन

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

मनू बारावीनंतर बॅडमिंटनमध्ये एकेरी सोडून नुसती दुहेरीच खेळायची म्हणते आणि तुम्हा दोघांना त्याची धास्ती वाटते. तिचा विचार चुकीचा नाही. फक्त एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. दुहेरीत करिअर एका मुलीचं होत नाही, जोडीचं होतं. क्रमवारी, पैसा, सराव, सगळं त्यावर चालतं.

क्रमवारीचंच बघा. जागतिक क्रमवारीत मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धांचे गुण धरतात आणि ते जोडीच्या नावावर जमा होतात. सुपर १००० दर्जाची मोठी स्पर्धा जिंकली तर १२,००० गुण, सुपर १०० ला ५,५००, त्याखालच्या इंटरनॅशनल चॅलेंजला ४,०००, आणखी खालच्या इंटरनॅशनल सिरीजला २,५००. पार्टनर बदलली की नव्या जोडीची पाटी कोरी. म्हणून दर सहा महिन्यांनी पार्टनर बदलणारी मुलगी, कितीही चांगली असली तरी, पात्रता फेरीतच घुटमळत राहते.

एकच पार्टनर जन्मभर टिकते असंही नाही. २०१७ साली आपल्या नागपूरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा अश्विनी पोनप्पाने सिक्की रेड्डीबरोबर महिला दुहेरी जिंकली. अंतिम सामन्यात समोर आपल्या महाराष्ट्राच्या संयोगिता घोरपडे आणि प्राजक्ता सावंत होत्या. हीच अश्विनी त्याआधी ज्वाला गुट्टाबरोबर २०१० चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ चं जागतिक कांस्य मिळवून बसली होती, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिक खेळली ती तनीषा क्रास्तोबरोबर. पार्टनर बदलली तरी प्रत्येक जोडीला तिने वर्षं दिली, महिने नाही.

पैशाचं स्पष्टच लिहिते. सुपर १०० स्पर्धेत एकूण बक्षिसातले ७.५ टक्के एकेरीच्या विजेतीला मिळतात आणि ७.९ टक्के दुहेरीच्या विजेत्या जोडीला, म्हणजे एकीच्या वाट्याला ३.९५. समजा १ लाख डॉलरची सुपर १०० जिंकली, तर एकीला ३,९५० डॉलर. त्यातून कर, तिकिटं, व्हिसा. खालच्या स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलं तर हाती काहीच लागत नाही. दादा, पहिली काही वर्षं घरचाच खर्च धरून चाला. पुढे रेल्वे किंवा पेट्रोलियम कंपन्यांत खेळाडू म्हणून नोकरी, राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा, आणि युरोपातल्या क्लबांच्या लीग असे आधार असतात. महिला दुहेरीबरोबर मिश्र दुहेरीही खेळणारी मुलगी क्लबला परवडते, कारण एकाच मुलीकडून दोन सामने निघतात. तेव्हा मनूने मिश्र दुहेरी अजिबात सोडू नये.

आता पार्टनर कशी निवडायची. दोघींचा स्मॅश, म्हणजे वरून खाली हाणलेला फटका, जोरदार आहे म्हणून जोडी जमत नाही. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या जपानच्या जोडीत ताकाहाशी मागून मारायची आणि मात्सुतोमो जाळीपाशी सगळं टिपायची. शेवटच्या गेममध्ये १६-१९ असताना त्यांनी सलग पाच गुण घेतले. मनू मागून चांगली मारते, तर तिला पुढे हात चालणारी मुलगी हवी. बचावात दोघींच्या मधोमध येणारा शटल कोणाचा हेही आधीच ठरलेलं पाहिजे. बहुतेक जोड्या तो स्मॅश मारणारीच्या तिरक्या बाजूला उभ्या मुलीकडे देतात. हे ठरलं नसेल तर दोघी एकमेकींकडे बघत राहतात आणि शटल मधोमध पडतो.

महिला दुहेरीत स्मॅशने गुण लवकर सुटत नाही, कधी कधी शंभरावर फटक्यांच्या रॅली होतात. म्हणून सरावात दोघींविरुद्ध तिघी उभ्या करा आणि या दोघींना फक्त बचाव करू द्या.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सर्व्हिसला द्या. दुहेरीत सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेच्या ७६ सेंमी आत असते, त्यामुळे उंच सर्व्हिसची फार भीती नसते आणि समोरची मुलगी पुढच्या रेषेला चिकटून टपून बसते. सर्व्हिस मारताना अख्खा शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवा, आणि त्याची सर्वांत जास्त उंची जाळीच्या अलीकडेच यायला हवी, म्हणजे जाळी ओलांडताना तो खाली उतरत असतो. पलीकडे जाऊन वर चढला की समोरची तोंडावर मारणारच. हे बहुतेक वेळा घट्ट पकडीमुळे होतं. बोटं सैल, कोपर स्थिर, हालचाल वीतभर. जाळीच्या वर वीतभर अंतरावर सुतळी बांधून रोज शंभर सर्व्हिस त्या फटीतून काढायला सांगा.

नागपूरच्या उन्हाळ्याचं वेगळंच. गरम हवेत शटल पळतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये ७५ किंवा ७६ नंबरचे, म्हणजे कमी वेगाचे घ्या. थंडीतले ७७ चे वापरले तर लिफ्ट, म्हणजे खालून उंच मागे उडवलेले फटके, सारखे बाहेर जातात आणि मुलगी हात आखडायला शिकते. ती सवय पुढे सुटता सुटत नाही. कोरड्या हवेत पिसंही कडकड तुटतात. ट्यूबला पिसांच्या बाजूने पाच-दहा सेकंद वाफ द्या, बुचाला लागू देऊ नका, आणि रात्रभर तशीच उभी ठेवा.

वहिनी, गुडघ्याकडे तुम्ही लक्ष ठेवा. उजव्या हाताने खेळणारी मुलगी मागच्या डाव्या कोपऱ्यात डोक्यावरून फटका मारते आणि डाव्या पायावर एकटीच उतरते. तेव्हा गुडघा आत वळला की लिगामेंट तुटण्याचा धोका असतो, आणि मग वर्षाच्या आसपास खेळ बंद. आरशासमोर एका पायावर अर्धी बैठक मारायला लावा; गुडघा अंगठ्याच्या आत जात असेल तर आधी मांडी आणि कुल्ल्याचे व्यायाम, मग उड्या.

सर्दीचं औषधही आता विचारूनच द्या. काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते स्पर्धेच्या काळात मर्यादेबाहेर सापडलं तर बंदी येते. पासपोर्टची मुदत तपासा, अल्पवयीन असताना काढलेला लवकर संपतो. आणि पुढचा सामना कोर्टच्या मागून, जरा उंचावरून मोबाईलवर घेऊन पाठवा. पार्टनरसकट अख्खं कोर्ट दिसलं पाहिजे.

मनूला आशीर्वाद.

तुमची,
सुनंदा