ज्ञानेश्वरी गोडीनं वाचायची असेल तर

प्रिय दिनेश,

सप्रेम नमस्कार, वि. वि. तुझं पत्र मिळालं. पेपर आणि एखाददुसरा दिवाळी अंक सोडला तर शाळेनंतर काही वाचलं नाही, आणि आता एकदम ज्ञानेश्वरी वाचावीशी वाटते, झेपेल का, असं विचारलंस. झेपेल. मात्र पारायणाला बसल्यासारखा बसू नकोस. नऊ हजारांच्या आसपास ओव्या सात दिवसांत संपवायच्या तर रोजच्या तेराशेच्या घरात जातात. त्या वेगानं तोंड चालतं, पुण्यही पदरी पडत असेल, पण दृष्टांत हातातून निसटून जातात. तुला पुण्य नको, गोडी हवी, असं तूच लिहिलंयस. मग रोज वीस ओव्या पुष्कळ झाल्या.

तशा नऊ ओव्या तुला शाळेपासून पाठ आहेतच. पसायदान म्हणजे अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडच्या ओव्या. त्यातली ही एक मोठ्यानं म्हणून बघ:

जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो । भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें ॥

सांडो, वाढो, पडो हे तीन चरण एका यमकाचे. चौथा त्या यमकाबाहेरचा आणि आखूड. ओवीचा साचा एवढाच. अक्षरांचा हिशेब नाही, चरण थोडे लांब-आखूड झाले तरी चालतात. म्हणून वाचताना प्रत्येक दंडापाशी, म्हणजे उभ्या रेघेपाशी, अर्धा श्वास थांबायचं आणि चौथ्या चरणावर आवाज खाली आणायचा. नुसते डोळे फिरवलेस तर पाच ओव्यांत कंटाळशील. हा ग्रंथ मुळात बोललेला आहे. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची ही टीका, म्हणजे भाष्य, केली आणि सच्चिदानंदबाबा आदरानं लेखक, म्हणजे लिहून घेणारे, झाले, असं शेवटी ग्रंथातच म्हटलं आहे. समोर श्रोते बसलेत हे धरूनच सगळी रचना आहे.

आता प्रत कुठली घ्यायची. पारायणाची प्रत नको, तिच्यात नुसत्या ओव्या असतात. नुसता गद्य अर्थ छापलेलं पुस्तकही नको, कारण त्यात ज्ञानेश्वरी नसते, तिचा गोषवारा असतो. 'सार्थ' माग, आणि दुकानातच उघडून बघ: चार चरण दंड देऊन वेगळे छापलेत का, अर्थ त्याच पानावर आहे का, टाइप चष्म्याला त्रास न देणारा आहे का. साखरे महाराजांची किंवा सोनोपंत दांडेकरांची, दोन्हींपैकी कुठलीही चालेल. इतिहासकार राजवाड्यांनी छापलेल्या जुन्या प्रतीचं नाव कुणी सुचवेल. ती मोलाची खरी, पण तिच्यातली भाषा जास्त जुन्या वळणाची आहे. प्रचारात असलेला पाठ सहसा एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केलेल्या परंपरेतला असतो, आणि पहिल्या वाचनाला तोच बरा.

सुरुवात पहिल्या पानापासून करू नकोस. बहुतेक जण तिथेच अडकतात. पहिल्या अध्यायाच्या आरंभी गणेशाचं रूपक आहे: वेद म्हणजे त्याची मूर्ती, सहा दर्शनं, तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, म्हणजे सहा हात, एकेका हातातलं शस्त्र म्हणजे एकेक मत. ज्याला दर्शनं ठाऊक आहेत त्याला त्यातली गंमत कळते. बाकीचे पंधराव्या ओवीपाशी पुस्तक मिटतात आणि 'आपल्या आवाक्यातलं नाही' म्हणून फडताळात ठेवतात.

तू बारावा अध्याय उघड. अडीचशेच्या आत ओव्या, म्हणजे लहानसाच. त्यातही सुरुवातीची गुरुकृपेची स्तुती आणि पुढचा योगाचा भाग सोड. 144 व्या ओवीच्या आसपास, गीतेच्या 'अद्वेष्टा सर्वभूतानां' या श्लोकाखाली भक्ताची लक्षणं सुरू होतात. तिथून शेवटपर्यंत शंभरेक ओव्या आहेत. वीस-वीस घेतल्यास तर पाच बैठका.

एका बैठकीचं असं कर. आधी वरच्या श्लोकाचा नुसता अर्थ वाच, म्हणजे विषय कळतो. मग वीसही ओव्या अर्थाकडे न बघता मोठ्यानं. अडलं तरी थांबायचं नाही. दुसऱ्यांदा एकेक ओवी घे, आपल्या मनानं अन्वय लाव, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमानं जुळव, मग खालचा अर्थ बघ. शेवटी पुन्हा सलग, मोठ्यानं. अर्धा-पाऊण तास लागेल. क्रम उलटा करून आधी ओव्यांचाच अर्थ वाचलास तर ओवी ही नुसती अर्थाची जुनी आवृत्ती वाटायला लागते आणि डोळा तिच्यावरून घसरतो.

अन्वयाची युक्ती दाखवतो. शत्रू-मित्रांना सारखं लेखणाऱ्या माणसाबद्दलच्या या दोन ओव्या बघ:

जो खांडावया घावो घाली । कां लावणी जयानें केली । दोघां एकचि साउली । वृक्षु दे जैसा ॥

नातरी इक्षुदंडु । पाळितया गोडु । गाळितया कडू । नोहेंचि जेवीं ॥

पहिलीत तीन चरण झाले तरी बोलणं कुणाबद्दल चाललंय ते कळत नाही. कर्ता चौथ्यात येतो: वृक्ष. म्हणून अडलं की चौथा चरण आधी वाचायचा आणि मागे यायचं. तोडायला घाव घालणारा असो की लावणी करणारा, झाड दोघांना एकच सावली देतं. दुसरीत आणखी मजा आहे. जपणाऱ्याला ऊस गोड, चरकात गाळणाऱ्याला कडू, असं तीन चरण ऐकवतात, आणि 'नोहेंचि' येऊन सगळं फिरवतो: असं होत नाही. नकार मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवलेला. डोळ्यांनी भराभर वाचणाऱ्याला नेमका उलटा अर्थ लागतो तो अशा ठिकाणी.

आता या दोन्हींच्या मागचं-पुढचं बघ. आधी मूळ विधान: ज्याच्या ठायी वैषम्य, म्हणजे दुजाभाव, नाही. मग दिवा, जो घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार असं करणं जाणतच नाही. मग झाड, मग ऊस. आणि त्यानंतर 'तैसा' येतो आणि आपण माणसाकडे परत येतो. जैसा, जैसा, जेवीं... तैसा. ज्ञानेश्वरीचा मोठा भाग या एका घडणीवर उभा आहे. 'तैसा' कुठे येतो त्यावर बोट ठेवलंस की आठ-दहा ओव्यांचा गुंता आपोआप सुटतो. हे एवढं जमलं तरी निम्मं काम झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्दांसाठी कोश लागत नाही. प्रत्ययांची ओळख मात्र हवी. वृक्षु, दीपु, बोलु असा शेवटी उकार दिसला की तो सहसा पुल्लिंगी एकवचनी कर्ता, त्याला आधी पकडायचं. 'पार्थातें' म्हणजे पार्थाला. 'घरीं' म्हणजे घरात, 'हातें' म्हणजे हातानं. हे अनुस्वार विभक्ती दाखवायला आहेत, नाकात म्हणायला नाहीत. 'करूनि', 'करूनियां' म्हणजे करून. 'कीजे', 'दीजे' म्हणजे करावं, द्यावं. 'नेणें' म्हणजे जाणत नाही. काही शब्द ओळखीचे वाटून फसवतात. 'कां' बहुतेक वेळा 'किंवा' असतो, प्रश्न नसतो. 'परी' कधी 'पण', कधी 'प्रमाणे'. 'माजी' म्हणजे 'मध्ये'. 'कीर' म्हणजे 'खरोखर', पोपट नव्हे. 'पैं', 'गा' हे बोलण्याच्या ओघातले शब्द, त्यांचा अर्थ शोधत बसू नकोस. असे पंचवीस-तीस शब्द एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवलेस की शंभर ओव्यांनंतर तो कागद फारसा लागणार नाही.

आणखी एक घोळ नवख्यांचा नेहमी होतो: आत्ता बोलतंय कोण? तीन बोलणी एकात एक आहेत. कृष्ण अर्जुनाशी बोलतो, संजय धृतराष्ट्राला सांगतो, आणि ज्ञानदेव समोरच्या श्रोत्यांशी नि निवृत्तिनाथांशी बोलतात. संबोधनावर नजर ठेव. पांडवा, किरीटी, धनुर्धरा आलं की कृष्ण बोलतोय. कुरुराजाला उद्देशून असेल तर संजय. श्रोत्यांकडे अवधान मागितलं, संतांपुढे लाड केले की स्वतः ज्ञानदेव. नवव्याची सुरुवात यासाठीच वाच. एकचित्तानं ऐका, म्हणजे सर्वसुखाला पात्र व्हाल, हे उघड प्रतिज्ञेवर सांगतो, असं म्हणून वर लगेच आपलं लहानपणही पुढे करायचं! ही सलगी दुसरीकडे क्वचित सापडते.

बाराव्यानंतर तेराव्यातली अहिंसा घे. गीतेत तो एक शब्द आहे. इथे त्याच्या शंभराच्या आसपास ओव्या झाल्यात. आधी यज्ञातल्या हिंसेला अहिंसा म्हणणाऱ्यांची फिरकी आहे: झाडाच्याच फांद्या तोडून त्याच्या बुंध्याला कुंपण करणारे. मग अहिंसक माणूस चालतो कसा, ते येतं. लाट न मोडता पाण्यात पाऊल टाकणारा बगळा, केसर चुरगळेल म्हणून कमळावर हळूच पाय ठेवणारे भुंगे. त्या बगळ्याची नजर भक्ष्यावर आहे हेही ओवीत आहे, आणि उदाहरण अहिंसेचं! कवीला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्यानंतर पहिला अध्याय, गणेशस्तवन वगळून, आणि मग अकराव्यातलं विश्वरूप. सहाव्यातली कुंडलिनी, तेराव्यातला क्षेत्राचा, म्हणजे देहाचा, विचार, पंधराव्यातलं उलटं झाड हे पहिल्या खेपेला सोडून द्यायला हरकत नाही. क्षेत्रज्ञ, प्रकृती, अव्यक्त असे शब्द दाटीनं यायला लागले की पान उलटून पुढचं 'जैसें' गाठायचं.

घरात कुणी म्हणेल, ग्रंथ मधूनच उघडू नये, धरला की पुरा करावा, आंघोळीशिवाय हात लावू नये. त्यांची प्रत त्यांच्यापाशी राहू दे, तुझी वेगळी आण. तिच्यात पेन्सिलीनं खुणा करायच्या आहेत: 'जैसा'ला एक रेघ, 'तैसा'ला दोन. वादात पडू नकोस.

हे सगळं वर्षभर रमतगमत चालेल. नंतर काय, असंही विचारलंयस. आकार लहान आहे म्हणून ज्ञानदेवांचीच 'चांगदेव पासष्टी' घेऊ नकोस. पासष्टच ओव्या आहेत, पण तिच्यात धरायला दृष्टांत कमी आणि सिद्धान्त दाट. 'अमृतानुभवा'चंही तेच. त्यापेक्षा महानुभाव पंथाचं 'लीळाचरित्र' उघड. त्याच काळातलं गद्य, आखूड वाक्यं, छोटे प्रसंग, आणि तोवर ते प्रत्यय तुझ्या ओळखीचे झालेले असतील.

तुझा,
अनंत

ता. क. दोन प्रतींत ओव्यांचे आकडे एखाददोननं, कुठे त्याहून जास्तही, पुढे-मागे असतात. वर दिलेल्या क्रमांकावर ओवी सापडली नाही तर आसपासची पाच-दहा बघ, आणि फोनवर मला आकडा न सांगता पहिला चरण सांग.