सहीपुरते संचालक

महोदय,

घरच्या खासगी कंपनीत पत्नीचे किंवा भावाचे नाव संचालक म्हणून सर्रास लावले जाते. काम काय, तर दाखवाल तिथे सही. कंपनी कायदा, २०१३ असा वेगळा संचालक मानत नाही. संचालक मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका, दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर नको (छोट्या कंपन्यांना दोन पुरतात). बारा महिन्यांतल्या एकाही बैठकीला हजर न राहिल्यास, रजेचा अर्ज दिलेला असला तरी, पद जाते.

खरी गफलत इतिवृत्तात होते. बैठकीत कुरकुर करायची आणि नंतर आलेला मसुदा उघडायचाही नाही! मसुदा १५ दिवसांत पाठवावा लागतो, हरकत कळवायला सात दिवस मिळतात. गप्प बसलात तर तो मान्य असे धरले जाते. संचालकाच्या नातेवाइकाला कर्ज देण्याचा ठराव आला आणि तुमचा विरोध असेल, तर तो नावानिशी नोंदवून घ्या. कायदा मोडला जातोय हे कळूनही हरकत न घेणारा संचालक कलम २(६०) नुसार कसूरदार अधिकारी, म्हणजे त्या गुन्ह्याला जबाबदार, ठरतो. नंतर राजीनामा देऊनही आपल्या कार्यकाळातल्या गुन्ह्यांची जबाबदारी टळत नाही.

– एक कंपनी सचिव, ठाणे