सोन्या, दुसरा मफलर निघालाय

प्रिय सोन्या,

मफलर हरवल्याचं मला कळलंय. भाऊबीजेला ताईनं तुला व्हिडिओवरच ओवाळलं ना, फोन ठेवला आणि तबक आवरता आवरता तिच्या तोंडून निघून गेलं की तो तर मार्चमध्येच बसमध्ये राहिला म्हणून, आणि मग लगेच जीभ चावली तिनं. तिला काही बोलू नकोस. मला वाईट वाटलं ते मफलरचं नाही, तू आठ महिने मनात ठेवलंस त्याचं. मी दर वेळी विचारायचे मफलर घालतोस ना रे, तू हो हो म्हणायचास आणि लगेच बाबांच्या बीपीवर यायचास, मला वाटायचं याला घाई असेल. अरे वस्तू आहे, हरवते कधीतरी. त्यासाठी आईशी खोटं बोलायची वेळ यावी इतकं काही ते मोठं नाही.

पण तुला कुठल्या तोंडानं बोलू, मीही लपवलंच होतं. तो मफलर विणताना माझा उजवा अंगठा फार दुखायला लागला होता. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ जिथं उंचवटा असतो ना तिथं. आधी वाटलं कणीक तिंबून दुखत असेल, मग बरणीचं झाकण उघडेना, मग सुई धरली की पाच ओळींत कळ कोपरापर्यंत. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं सांधा झिजलाय, बायकांना या वयात होतं हे, पट्टा बांधा आणि सुयांचं विणकाम बंद करा. मी मान हलवली आणि घरी येऊन तुझा मफलर पूर्ण केला. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास आई नको विणूस, मी इथून विकत घेतो. ते मला नको होतं. मफलर पार्सल केला आणि त्यानंतर सुया ज्या कपाटात गेल्या त्या गेल्याच. बेचाळीस वर्षं विणत होते मी, दहावीच्या सुट्टीत आजीनं पहिले वीस टाके घालून दिले तेव्हापासून. सुया ठेवून दिल्या त्या संध्याकाळी काय करायचं तेच सुचेना, टीव्ही लावला तरी हात मांडीवर नुसते पडलेले.

आता घडलंय ते असं की ताईनं मला लूम आणून दिला. माग नाही हं, साड्या विणतात तसला, हा विणायचाच पण बिनसुयांचा. प्लास्टिकची लांबट चौकट, साधारण हातभर, मधे लांब फट आणि फटीच्या दोन्ही काठांना खुंट्यांच्या रांगा, समोरासमोर. बाजारात गोलही मिळतो, तो टोप्यांना बरा, मफलरला हा लांबच हवा. सोबत एक आकडी येते, दाभणासारखी पण टोकाला वाकलेली. तिची मूठ फार बारीक होती, मी तिच्यावर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून गुंडाळून चांगली जाड केली, आता ती अंगठ्यानं चिमटीत धरावीच लागत नाही, अख्ख्या मुठीत बसते. सुयांवर सगळा भार अंगठ्यावर यायचा, इथं तो पंजावर येतो. अर्धा तास विणते, दहा मिनिटं हात मोकळा सोडते, पुन्हा अर्धा तास.

तुला आठवतंय का, चौथीत कार्यानुभवाला तू लाकडी रिळावर चार खिळे ठोकून त्यावर लोकरीची दोरी विणली होतीस? घरभर पसरली होती ती, बाबांच्या स्कूटरच्या आरशालाही बांधली होतीस. तेच तत्त्व आहे बघ. खिळ्यावर एक वेढा, त्याच्यावर दुसरा वेढा, आणि खालचा उचलून वरच्यावरून पलीकडे टाकायचा. एवढंच.

पहिला प्रयत्न माझा फुकट गेला पण. मी एकाच रांगेवर वेढे घालत गेले, भराभर वाढलं, दीड फूट झालं आणि बघते तर दोन्ही कडा आत वळून त्याची सुरळी झालेली. इस्त्री फिरवली, रात्रभर वजनाखाली ठेवलं, सकाळी पुन्हा सुरळी. मग लक्षात आलं, अरे हा तर सुयांवरचाच नियम आहे, एका बाजूनं सगळे सुलट आले की दुसऱ्या बाजूला सगळे उलट येतात आणि दोन्हींची ओढ वेगवेगळी असते म्हणून कापड वळतं. सुयांवर आपण काठाला चार टाके वेगळे ठेवायचो ते त्याच्यासाठीच की! सगळं उसवलं आणि दोन्ही रांगा धरून सुरू केलं. त्याला डबल विणणं म्हणतात, आणि मला वाटतं तुझ्या तिकडच्या थंडीला हेच खरं. कारण यात एक नाही दोन थर तयार होतात, समोरासमोर, आणि धागा सारखा या थरातून त्या थरात जात असतो म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. आपल्या गोधडीसारखं. गोधडीची ऊब एका कापडाची नसते, दोन थरांच्या मधे जी हवा अडकून राहते तिची असते. शिवाय याला उलटी बाजू नाहीच, दोन्हीकडून सुलटच दिसतं, तू अंधारात घाईत कसाही गुंडाळलास तरी चालेल, आणि कडा वळत नाहीत.

लोकरीचं मात्र फार फिरावं लागलं. मेन रोडवर तीन दुकानं झाली, सगळे लोकर म्हणूनच देतात आणि असतं ऍक्रिलिक. वाईट नसतं ते, रंग छान, धुवायला सोपं, आपल्या नाशिकला पुरतंही. पण तू म्हणाला होतास ना की बाहेर उणे तीसमध्ये तोंडावर मफलर घेतला की श्वासाची वाफ त्यावर गोठते आणि पांढरा थर बसतो, ते माझ्या डोक्यातून जाईना. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पिते तरी हाताला ओली लागत नाही, ऍक्रिलिकला ते जमत नाही. म्हणून नाकातोंडावर यायच्या कापडाला खरी लोकरच पाहिजे. ओळखायची कशी, तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून गॅसवर न्यायचा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते, ऍक्रिलिक असेल तर वितळून काळा कडक मणी होतो. मी दुकानातून नमुने आणून असे पाच मणी केले, बाबा म्हणाले आता माळ कर. शेवटी ताईनं ऑनलाइन मेरिनो मागवली, साडेतीनशे ग्रॅम, गडद निळी. आजोबांची घोंगडी पण खऱ्या लोकरीचीच, धनगरांकडून घेतलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, पावसात डोक्यावरून घेऊन रानात जायचे ते, पण ती गळ्याला लावून बघ, दोन मिनिटांत मान लाल होईल. मेरिनोचा तंतू फार बारीक असतो म्हणून टोचत नाही. दोन धागे एकत्र धरून विणलंय कारण या लूमच्या खुंट्या लांब लांब आहेत, एकेरी धागा जाळीसारखा विरळ येतो.

आता पद्धत सांगते, कारण पार्सलमध्ये मफलरबरोबर एक छोटा लूम आणि तांबड्या लोकरीचे दोन गुंडे पण आहेत. तुला वाटलं तरच हं. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य बुडतो म्हणालास, खोलीत एकटा बसतोस, म्हणून टाकला.

लूम मांडीवर आडवा घे. मी चौदा-चौदा खुंट्या घेतल्यात, लूमवर दहा इंच दिसतात पण उतरल्यावर सातच भरतात, ते धरून चाल. तुझ्याकडच्या पहिल्या खुंटीला सरकगाठ, तिथून धागा पलीकडच्या दुसऱ्या खुंटीच्या बाहेरून फिरवून परत इकडच्या तिसरीला, मग तिकडच्या चौथीला, असं नागमोडी शेवटपर्यंत जायचं, तिथं वळायचं आणि येताना ज्या सुटल्या होत्या त्यांना वेढे घालत यायचं. अठ्ठावीस खुंट्या, अठ्ठावीस वेढे. मग वेगळ्या रंगाचा एक दोरा, मी परकराच्या नाडीचा तुकडा घेते, सगळ्या वेढ्यांवरून आडवा टाकून त्याची टोकं मधल्या फटीतून खाली सोडायची. ही नाडी विसरू नकोस, सुरुवातीच्या टाक्यांना तीच धरून ठेवते आणि खाली ओढायलाही तीच लागते. आता पुन्हा तसाच फेरा. प्रत्येक खुंटीवर दोन दोन वेढे झाले की आकडीनं खालचा उचलून वरच्यावरून पलीकडे. एक ओळ झाली. पहिली चार-पाच बोटं विणकाम अगदी गबाळं दिसतं, टाके लोंबतात, वाटतं चुकलंच आपलं, पण सोडू नकोस, फटीतून थोडं खाली उतरलं की आपोआप नीट बसतं. आणि धागा घट्ट ओढू नकोस, हे मात्र परत परत सांगते. घट्ट ओढला की खालचा वेढा उचलताच येत नाही, आकडी घसरते, बोटं दुखतात. हात सैल ठेव.

शेवटी टाके बंद करायला क्रोशाची सुई. टोकाच्या खुंटीवरचा फास सुईवर घे, समोरच्या खुंटीवरचा घे, दुसरा पहिल्यातून ओढ, मग इकडचा पुढचा, मग तिकडचा पुढचा, असं शेवटपर्यंत. नंतर नाडीवर राहिलेले सुरुवातीचे टाकेही तसेच बंद करायचे आणि मगच नाडी ओढून काढायची. आधी काढलीस तर सगळं खालून सुटत जाईल.

खरं सांगायचं तर हा मफलर मी एकटीनं नाही विणला. वेढे मी घालायचे, पण उचलायचं काम अंगठ्याला रोज झेपत नव्हतं, तर संध्याकाळी बातम्या लागल्या की बाबा समोर खुर्ची ओढून बसायचे आणि आकडी घ्यायचे. मोठ्यानं मोजत, एक, दोन, तीन, अठ्ठावीसपर्यंत. मी पुढचा फेरा घालायचे, की ते पुन्हा एक पासून. लग्नानंतर माझ्या हातातल्या सुयांकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं रे, आणि आता ओळ झाली की लूम वर धरून फटीतून खाली किती उतरलंय ते बघायचे. अकरा संध्याकाळी लागल्या. निफाडला पारा पाच-सहावर आला होता, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवताहेत लोक, आणि आम्ही दोघं दार लावून हे घेऊन बसलेलो. एका टोकापासून वीतभर अंतरावर बोट फिरवून बघ, एका बाजूला बारीक उंच रेघ लागेल. तिथं बाबांनी इकडची रांग उचलली आणि फोन वाजला म्हणून उठले, तिकडची राहून गेली, मी न बघता वर पुढचा फेरा घातला. उसवू का म्हणाले दोनदा. मीच नको म्हटलं.

विणताना आजीची फार आठवण आली. १९६२ ला चीनचं युद्ध झालं तेव्हा ती अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होती. जवान हिमालयात इतक्या उंचीवर लढत होते आणि अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते, हे कळलं तसं देशभर बायकांनी विणायला घेतलं होतं, तिच्या शाळेतही मुलींना लोकर वाटली. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, पुढच्या वर्षी आपल्या नाशिकमधूनच बिनविरोध निवडून गेले लोकसभेवर, ते ती नेहमी सांगायची, आणि मग हमखास मफलरवर यायची. तिनं दोन विणले होते, कंदील घेऊन रात्री. ते कुठं गेले, कुणाच्या गळ्यात पडले, तिला कधीच कळलं नाही. पण ती कधी माझे मफलर गेले असं नाही म्हणाली, माझे मफलर तिकडे आहेत असंच म्हणायची, म्हातारपणी सुद्धा. तुझा तो करडा मफलरही बसमधून कुणी उचलला असेल तर घालतच असेल ना कोणीतरी. मला तरी आता तसंच वाटतंय.

नवा सहा फूट आहे. एक वेढा गळ्याला, दुसरा नाकापर्यंत, आणि टोकं जॅकेटच्या आत, बाहेर लोंबती ठेवू नकोस, बसच्या दारात अडकतात. झालरी मुद्दाम नाही लावल्या. धुताना मशीन नको, गरम पाणी तर अजिबात नको, आटून पाटीसारखा होईल. गार पाण्यात थोडा शाम्पू, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि आडवा पसरून वाळवायचा, हीटरवर टाकू नकोस. एका टोकाला हातभर धागा सोडलाय आत वळवून, कापू नकोस, कुठं उसवलं तर तोच दुरुस्तीला लागेल.

पोचला की सांग. लूम उघडलास तर रविवारी सकाळी फोन कर, आमच्याकडे रात्र असेल, जेवणं झालेली असतील. बाबा म्हणालेत कॅमेरा मी धरतो आणि मोजतोही मीच.

अंगठा बरा आहे, पट्टा बांधते, आता खरंच सांगतेय. तूही खरं सांगत जा.

तुझी आई